तिच्या हातची घडी

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! सामान उतरवताना कपाटाचा आरसा फुटेल म्हणून मी जीव मुठीत धरून उभी, आणि आमचं ध्यान हमालांना सूचना देता देता स्वतःच कपाट आणि दार यांच्यामध्ये अडकलेलं. आरसा शाबूत राहिला, नवऱ्याचं कोपर सोलवटलं. क्वार्टर मात्र झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, मागे फरशीचं अंगण आणि तिथे आधीच बांधलेल्या दोन दोऱ्या. बबडीने आल्या आल्या अंगणाचा ताबा घेतला. तिला विचारल्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही, असं बजावलंय. वय वर्षं चार, तोरा चाळिशीचा.

कारखाना चालत दहा मिनिटांवर. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या येतात, त्या फोडतात, आतलं शिसं वितळवून त्याच्या विटा पाडतात. हा भट्टीवर, मी कारखान्याच्या दवाखान्यात औषधं द्यायला. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली तीन तो एका गावात आणि मी एका गावात अशी गेली. आता रोज नवरा डोळ्यांसमोर. आई फोनवर म्हणाली, किती दिवस कौतुक टिकतंय बघू. मी म्हटलं, तुझ्या जावयाला मी आता नजरेआड होऊच देणार नाही. ती खो खो हसली. मी काही चेष्टा करत नव्हते.

७ फेब्रुवारी

आमचे डॉक्टर म्हातारे आहेत, पण बोलायला लागले की ऐकत राहावं. सकाळी येतात, चिठ्ठ्यांच्या अख्ख्या पॅडवर सह्या करून माझ्याकडे देतात आणि मग रक्ताचे रिपोर्ट बघत बसतात. माझं काम म्हणजे तीन बरण्या. लोह, कॅल्शियम, जस्त. प्रत्येक कामगाराला रोज एकेक गोळी, तीही माझ्यासमोर गिळायची.

मी विचारलं, याने शिसं बाधत नाही का? त्यांनी समजावलं, की शिसं मोठं लबाड असतं. ते कॅल्शियम असल्याचं सोंग करून शरीरात घुसतं, लोह असल्याचं सोंग करून घुसतं. खऱ्या धातूंनी आधीच जागा अडवून ठेवली तर त्याला बसायला जागा मिळत नाही. पण लगेच बोट वर करून म्हणाले, ही शक्यता आहे हं, हमी नाही. खरी राखण म्हणजे साबण आणि पाणी, आणि इथली धूळ घरी न नेणं. मला जागा अडवण्याचा भाग फार पटला.

बबडीचंही रक्त तपासलं. शिसं नावापुरतं, तीन. पण लोह अगदीच कमी निघालं. अशा मुलांच्या अंगात शिसं चटकन शिरतं, तेव्हा हिचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मी म्हटलं, औषधवालीचीच मुलगी आहे, चुकेल कसं?

१२ फेब्रुवारी

आज लाँड्री बघितली. मधे न्हाणीघर आहे, अलीकडे मळकी बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू. कामगार मळक्या बाजूला बुटांसकट सगळं उतरवून ठेवतात, आंघोळ करतात आणि पलीकडे घरचे कपडे घालून बाहेर पडतात. कामाचा एक धागासुद्धा गेटबाहेर जात नाही.

हे सगळं सांभाळते ती लाँड्रीवाली. माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठी असेल. नाकीडोळी नीटस, कामाला वाघ, बोलणं मोजकं. मला मोजकं बोलणाऱ्या बायकांची भीती वाटते. धुतलेल्या शर्टची घडी अशी घालते, की बाह्या आत लपवायच्या, कॉलर वर ताठ ठेवायची आणि छातीवरून एकदा हात फिरवायचा. शर्टच्या छातीवरून! माझ्या नवऱ्याचा होता तो, खिशावर नंबर होता.

बबडी पाच मिनिटांत तिच्या टेबलावर चढून बसली आणि तिला मावशी म्हणायला लागली. मी मनात म्हटलं, ही माझी बहीण कधी झाली?

२६ फेब्रुवारी

जेवताना याने काय सांगावं? शर्टचं तुटलेलं बटण लाँड्रीवालीने न सांगता लावून दिलं, दोराही त्याच रंगाचा. वा, वा. घरच्या शर्टची दोन बटणं महिनाभर वाट बघतायत, हे त्याने म्हटलं नाही, पण मला ऐकू आलं. मी भांडी जरा जोरात घासली. तर हा बबडीला डोळा मारून म्हणतो, आईच्या पोटात दुखतंय बघ!

दुखतंयच मुळी. रोज आठ तास माझ्या नवऱ्याच्या अंगाला लागलेले कपडे दुसरी बाई हाताळते, झटकते, धुते, कुरवाळून ठेवते. आणि मी काय करायचं, तर त्याला रांगेत उभा करून गोळी द्यायची.

५ मार्च

केलं! डॉक्टरांच्या सही केलेल्या पॅडवर लिहिलं, लाँड्रीच्या साबणाने अंगावर पुरळ येतं, कपडे घरी सौम्य साबणाने धुवावेत. गेटवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली, सलाम ठोकला. नवरा म्हणाला, किती जळतेस गं! पण स्वारी खूश होती. बायको जळते म्हटल्यावर कुठला नवरा नाराज होतो?

डॉक्टरांना कळलं तर बोलतील. पण आम्ही तिघंही गोळ्या घेतो. जागा अडवलेली आहे, मग चिमूटभर धुळीने काय होणार? अंगणात शर्ट झटकला तर राखाडी ढग उठला. बबडी टाळ्या पिटत धूर, धूर करून त्यात नाचली. बऱ्याच दिवसांनी मी इतकी हसले.

१९ मार्च

लाँड्रीवाली आज दुपारी दारात. कपडे परत द्या म्हणे, त्याच्यासाठी वेगळा साबण मागवलाय, त्याचे कपडे मी वेगळे धुईन. त्याचे! मी विचारलं, बाई गं, तुला एवढा पुळका का? ती अंगणातल्या दोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, घरात लहान मूल आहे. जसं काही मला माहीतच नव्हतं! मी सांगितलं, मुलाची काळजी करायला त्याची आई खंबीर आहे.

तेवढ्यात बबडी धावत येऊन तिच्या कमरेला मिठी मारून बसली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. दार लावल्यावर अर्धा तास रडत होती. माझ्यासाठी ही पोर कधी अशी रडली आहे का?

११ एप्रिल

चार दिवस रजेवर होते. पोटात असे पिळे पडतात की वाकून चालावं लागतं. हा म्हणाला, लाँड्रीवालीचं नुसतं नाव काढलं तरी तुझ्या पोटात दुखायला लागतं. या वेळी मला हसू आलं नाही.

आज कामावर गेले तर माझ्या टेबलावर घरच्या गोळ्यांच्या पुड्या बांधून ठेवलेल्या. कडा चिमटीने दाबलेल्या, एकसारख्या, बबडीची पुडी वेगळी. मी नव्हते तेव्हा लाँड्रीवालीने दवाखान्यात मदत केली म्हणे. डॉक्टर तिचं कौतुक करत होते, काय नीटनेटका हात आहे! म्हणजे आता नवऱ्याचे कपडे झाले, मुलगी झाली, राहिलं होतं माझं टेबल.

घरी येऊन सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या, बबडीची औषधाची बाटलीसुद्धा. त्या चार दिवसांत तिने कशाकशाला हात लावला असेल कुणास ठाऊक. तिच्या हातचं माझ्या पोरीच्या पोटात नको. उद्या स्वतः नवीन आणेन.

२४ एप्रिल

नवीन आणायचं राहतंय. रोज ठरवते, रोज विसरते. आज आणतेच.

दुसरंच एक सापडलं. वाळत घालताना बघितलं, शर्टच्या कॉलरचं टोक नाही. कापलं असावं, पण कड ओबडधोबड, धागे निघालेले. मशीनमध्ये अडकलं असेल म्हणून याला विचारलं, तर म्हणाला, भट्टीवर कसलं मशीन?

८ मे

दुसरी कॉलर. तेच टोक. शर्ट कालपासून टोपलीत होता, घरात. म्हणजे कुणीतरी घरात येऊन तुकडा नेला.

बायका माणसाच्या कपड्याचा तुकडा कशाला नेतात? मला लहान समजू नका.

दवाखान्यात मुलांची तिमाही तपासणी झाली. बबडीला नेलं नाही. पोरांना सुई टोचताना लाँड्रीवाली मांडीवर घेऊन बसते, अख्खा कारखाना बघतो. माझी मुलगी तिच्या मांडीवर बसणार नाही.

१७ मे

कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात त्याचा शर्ट. बाह्या आत, कॉलर वर.

मी अशी घडी घालत नाही. हा तर कसलीच घडी घालत नाही. हात लावला तर शर्ट मळका होता, न धुतलेला, आणि कॉलर ओली. मी कपाटासमोर खाली बसले ती हा येईपर्यंत तशीच. तोंडात दिवसभर नाण्याची चव.

त्याच्याशी कडाकड भांडले. कधी येते, कुठून येते, तू चावी दिलीस का? तो माझ्याकडे बघत राहिला, नवी ओळख झाल्यासारखा. म्हणाला, तू झोपत नाहीस, जेवत नाहीस, डॉक्टरांना दाखव. हो, म्हणजे मी दवाखान्यात पडून राहीन आणि घर तिला मोकळं!

३ जून

मागच्या दाराला कुलूप. पुढच्या दाराला आतून कडी. तरी आज पुन्हा घडी.

बबडीला विचारलं, मावशी येते का गं घरी? ती म्हणाली, येते. काय करते? गोड देते म्हणाली. मग म्हणाली, नाही येत. मग रडायला लागली, डोकं दुखतं म्हणून. हल्ली पाय अडखळतात तिचे. अंगणसुद्धा नको असतं. काल तिला चमचा मागायचा होता, शब्दच आठवेना. पोरांचं असं होतं कधीकधी. मलाही आठवत नाहीत.

१२ जून

उजवा हात कप धरत नाही. तिसरा कप फुटला.

हा म्हणतो लाँड्रीवाली रोज बबडीची चौकशी करते. त्याला वाटतं मला बरं वाटेल ऐकून.

२० जून

पकडलं.

दुपारी स्वयंपाकघरात झोपले असं दाखवलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. डाव्या हातात लाटणं. आज ती आली की सोडायची नाही असं ठरवलं होतं.

कुणी आलं नाही. बबडी उठली. टोपलीपाशी गेली. बाबांचा मळका शर्ट काढला, मांडीवर घेतला आणि कॉलर तोंडात घालून चोखायला लागली. डोळे मिटून. चावत होती, गिळत होती. कितीतरी वेळ. मग फरशीवर शर्ट पसरला, बाह्या आत घातल्या, कॉलर वर केली, छातीवरून हात फिरवला. लाँड्रीच्या टेबलावर बसून शिकली असेल. आणि स्टुलावर चढून कपाटात ठेवला.

मी विचारलं, बबडे, हे काय? ती म्हणाली, गोड लागतं.

लोह कमी असलं की मुलं माती खातात, भिंत चाटतात. हे मला माहीत आहे. दहा वर्षं औषधं देते मी. माहीत होतं मला.

२१ जून

लोहाची बाटली आणली, कॅल्शियम, जस्त, सगळं. आजपासून चुकायचं नाही. वहीत लिहीन म्हणजे विसरणार नाही. कपडे कारखान्यात परत द्यायला हवेत. पण मग खोट्या चिठ्ठीचा विषय निघेल. डॉक्टर विचारतील. आणि लाँड्रीवाली समोर उभी असेल. तिचं खरं ठरेल.

आधी पोर सुधारू दे. मग देईन.

२२ जून

औषध दिलं.

२३ जून

दिलं.

२४ जून

दिलं. बबडी शहाणी, तोंड वाकडं न करता प्यायली.

२७ जून

बाटलीचं सील फोडलेलं नाही.

वर तीन दिवस दिलं, दिलं लिहिलंय. माझंच अक्षर. बाटली भरलेली, झाकण घट्ट, सील जसंच्या तसं. मग मी काय दिलं? कुणाला दिलं?

काहीतरी दिल्याचं आठवतंय. ती प्यायली ते आठवतंय—

२८ जून

याने उचलून दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. निळसर रेघ, शिशाची. मग म्हणाले हात पुढे करा. केले. पंजे खाली लोंबले, वर होईनात. चिठ्ठीचं सांगितलं मी. त्यांनी चष्मा काढून ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, जे कराल ते त्या क्षणी लिहा, तुम्हाला आता आठवणार नाही. गोळ्या आधी द्यायच्या होत्या, आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. बबडीचं रक्त घेतलं. रिपोर्ट परवा.

लाँड्रीवालीचंही त्यांनी सांगितलं. तिचा मुलगा असाच गेला. पाच वर्षांचा. तेव्हा लाँड्री नव्हती, ती नवऱ्याचे कपडे घरी धुवायची. म्हणून ती—

मला रडू यायला हवं होतं. मनात आलं, हिचं दुःखसुद्धा माझ्यापेक्षा नीटनेटकं आहे. देवा, मी कसली बाई आहे?

डॉक्टर म्हणाले रिपोर्ट येईपर्यंत मुलीला तुमच्या घरात ठेवू नका, धूळ आहे. लाँड्रीवालीच्या खोलीत ठेवा, ती सांभाळेल. हा हो म्हणाला.

मी नाही म्हटलं. ओरडून म्हटलं. पोरीला घट्ट धरून घरी आणलं.

२९ जून

फरशी तीनदा पुसली. फडकं पिळता येत नाही. हा पुसतो. माझ्याशी बोलत नाही.

बबडी उलट्या करते. मावशी कुठे विचारते. सहा वेळा. मी मोजलं.

३० जून

सकाळी हा कामावर, मी पाठवलं, रिपोर्ट आला की लगेच कळव म्हणून. डाव्या हाताने लिहितेय. पेन्सिल मुठीत.

फोन. डॉक्टर. एक्क्याऐंशी. गाडी पाठवतो, तयार राहा, दार उघडं ठेवा.

एक्क्याऐंशी. फेब्रुवारीत तीन होतं.

बबडी आखडली. डोळे वर. हात थडथड. मिनिटभर. मग सैल. श्वास आहे. लिहिते नाहीतर विसरेन. श्वास आहे.

उचलते. उचलत नाहीये. हात तिच्या पाठीखाली जातात पण वर येत नाहीत. माझी मुलगी मला उचलता येत नाही—

गाडी आली. दारावर थापा. ती आहे. हा अजून न्हाणीघरात म्हणे, आंघोळ केल्याशिवाय सोडत नाहीत, ती स्वच्छ बाजूची म्हणून आधी सुटली. कडी काढा म्हणते. ताई म्हणते मला.

कडी कोपराने निघेल. करून बघितलंय, निघते.

बबडीने डोळे उघडले. दाराकडे बघते. आवाज ओळखला. ओठ हलतात.

उघडलं की ती उचलेल. हिचे हात तिच्या गळ्यात. मी मागे, लोंबत्या हातांनी. आणि गाडीत जर—तर शेवटचं तोंड तिचं बघेल, शेवटचं नाव तिचं—

उघडते. उघडतेच गं. आधी एकदा आई म्हण. एकदाच, मग लगेच उघडते.

पुन्हा आखडतेय

म्हण ना बबडे

थापा

एकदा म्हण, आ—